काकूंच्या पाटल्या

दिवाळीत पोखर्णीला गेलो, की पहिल्या दिवशी नृसिंहाचे दर्शन आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या विहिरीचे, हा आमचा ठरलेला क्रम. दुसऱ्या दर्शनाला अंमळ अधिक वेळ लागतो. कारण देव बोलत नाही आणि विहिरीपाशी काका असतात.

यंदा हे दुसरे दर्शन रात्री घडले. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती आणि आम्ही दोघे घोंगडी पांघरून मोटारीच्या पेटीजवळ तिची वाट पाहत बसलो होतो.

"आपल्या नृसिंहाने हिरण्यकशिपूला मारलं ते दिवसा नाही अन् रात्रीही नाही," काका म्हणाले. "आमची वीजही त्याच मुहूर्तावर येते."

मी शहरी शहाणपणाने म्हणालो, "काका, जैतापूरचा अणुवीज प्रकल्प होऊ द्या. १६५० मेगावॅटची एक, अशा सहा भट्ट्या!"

"कधी ठरलं हे?"

"फ्रान्सशी करार झाला २०१० साली."

"मग आता किती बांधून झालंय?"

मी आकाशातल्या चांदण्या मोजू लागलो.

ही विहीर काकांनी कर्ज काढून खोदायला घेतली तेव्हा मी शाळेत होतो. एका उन्हाळ्याचे काम होते. पण खाली काळा खडक लागला, सुरुंग लावणारा येईना, पावसाने दरड ढासळली, आणि पाणी लागेपर्यंत पाच वर्षे गेली. खोदाईचा पैसा एकीकडे आणि व्याजाचा एकीकडे. त्या व्याजात काकूंच्या पाटल्या गेल्या. तेव्हापासून काकूंच्या हातांत काचेच्या बांगड्याच मी पाहत आलो आहे.

अणुभट्टीचे गणित याहून फारसे निराळे नाही. कोळशाच्या केंद्राला रोज कोळसा घालावा लागतो. अणुकेंद्राला इंधन थोडे पुरते, पण बहुतेक पैसा विजेचा पहिला दिवा लागण्यापूर्वीच ओतावा लागतो. म्हणून उशीर झाला, की व्याज फुगते. जैतापूरला योजलेल्या जातीची भट्टी फ्रान्सने फ्लामानव्हिल येथे २००७ साली बांधायला घेतली. अंदाज होता ३३० कोटी युरोंचा आणि पाच वर्षांचा. तिची वीज वाहू लागली २०२४ च्या डिसेंबरात, आणि खर्च गेला १३०० कोटींच्या पुढे! परक्यांना हसण्यात अर्थ नाही. आपल्या काक्रापारची तिसरी भट्टी २०१० साली सुरू होऊन २०२३ साली व्यापारी वीज देऊ लागली. तारापूरचा करार मात्र १९६४ चा आणि वीज १९६९ ची. ते दिवस कुठे गेले कोण जाणे!

तरीही अणुविजेला माझ्याने सरळ नाही म्हणवत नाही. इथून जवळच परळीचे औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद पडले होते; समुद्रकाठच्या भट्टीला ती भीती नाही. सूर्याची वीज झटपट उभी राहते खरी, पण आम्ही बसलो होतो त्या वेळी सूर्य कुठे होता? माडबनच्या लोकांच्या जमिनींचा आणि धास्तीचा प्रश्न आणखी वेगळा. त्यापायी २०११ साली तिथे गोळीबारात एकाचा जीवही गेला.

हे सारे मी काकांना सांगितले. ते बराच वेळ विहिरीत पाहत होते.

"त्या फ्रान्सच्या विहिरीत पाटल्या कोणाच्या गेल्या रे?"

"ती कंपनी २०२३ मध्ये पुरती सरकारची झाली. म्हणजे तिथल्या रयतेच्याच म्हणा."

"अन् जैतापुरात?"

एवढ्यात पेटीवरचा लाल दिवा लागला. काका घोंगडी टाकून उठले, आणि मी बॅटरी धरून त्यांच्यामागून पाटाकडे गेलो.