बिळी सेरगु

आमच्या निपाणीच्या घरी बाबांकडची मराठी आणि आईकडची कानडी दोन्ही सारख्याच चालत. आज्जीला मात्र कानडीच येई. मी दहा वर्षांची असताना तिला परगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आई घरी बाळंतीण, मामा लाजून दाराबाहेर उभा. दुभाषी म्हणून आत मी! आज्जी हळूच म्हणाली, ‘बिळी सेरगु होगतैती.’ बिळी म्हणजे पांढरा, सेरगु म्हणजे पदर. मी सांगून टाकलं, ‘आजी साडीच्या पदराचं काहीतरी म्हणतेय.’ डॉक्टर हसले आणि पोटदुखीच्या गोळ्या दिल्या. अंगावरून पांढरं जाण्याला कानडी बायका असं म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आज्जी गर्भाशयाच्या दुखण्यानं गेली होती.

लग्न होऊन मी सौंसरला आले, इथल्या कॉलेजात शिकवू लागले. वाटलं, सीमाभाग सुटला. पण हाही सीमाभागच, संत्र्यांच्या बागांचा! २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि डोंगराकडून येणाऱ्या काही गोंड बायकांच्या तोंडी गोंडी.

इथल्या एका लहानशा सेवाभावी दवाखान्याच्या समितीवर मी आहे. गेल्या वर्षी बायकांशी बोलून त्यांची दुखणी समजून घेण्यासाठी एक पगारी जागा निघाली. आमच्या आयाबाईनं अर्ज केला होता. आठवी पास, गोंडी मातृभाषा. मी मत दिलं ते छान हिंदी बोलणाऱ्या पदवीधर मुलीला. मुलगी गुणी आहे, तिचा काही दोष नाही. पण गोंड बाई आली की तीही आयाबाईलाच हाक मारते. आयाबाई पोछा बादलीत टाकते, हात पुसते, येऊन सगळं विचारून घेते आणि परत फरशी पुसायला जाते. पगार मात्र आयाचाच.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. राणीताईंनी दोन गावांतल्या बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के! हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आमच्या आज्जीच्या त्या खेपेच्याच आसपासची ही गोष्ट. पुढे त्यांनी दवाखाना बांधला तो आदिवासींना विचारून, झोपड्यांसारखा, दंतेश्वरी देवीच्या नावाचा. गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनाच नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले बालमृत्यू किती घटले हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नंच छापलं, आणि आज आशाताईंच्या प्रशिक्षणात तीच पद्धत आहे. हे मी वर्गात शिकवते, बरं का. समितीत बसल्यावर आठवलं नाही.

परवाच्या बैठकीत मी आयाबाईला त्याच पदावर, त्याच पगारावर घेण्याचा ठराव मांडला. एक सदस्य म्हणाले, ‘मॅडम, उद्या ती आपल्या शेजारी खुर्चीवर बसेल!’ बोलण्यात वाईट हेतू नसावा, सगळे हसले. मीही सवयीनं हसले, आणि मला ते डॉक्टर आठवले.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेलाय. त्या दिवशी आयाबाईनं चहा आणायचा नाही, बैठकीला बसायचं, एवढं मी तिला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, ‘बाई, मग चहा कोण करेल?’