कोचीसाठी दोन दिवस

शनिवार-रविवार सुट्टी पक्की झाली आणि तिनं वही उघडली. मट्टनचेरीतलं १५६८ सालचं परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद असतं, म्हणून ते रविवारी. तिथल्या हातानं रंगवलेल्या निळ्या चिनी फरशांसाठी सवड हवीच.

शनिवारी फोर्ट कोची. वास्को द गामाला १५२४ साली सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरलं. पुढे अवशेष लिस्बनला गेले, शिळा मागे राहिली. मग उतरत्या उन्हात मासेमारीची चिनी जाळी.

खाण्याचं पान भरत चाललंय: अप्पम, नारळाच्या दुधातली मीन मोईली, केळीच्या पानात भाजलेला करीमीन.

गोव्याहून गेलेल्या सारस्वतांची कोकणी मट्टनचेरीत अजून बोलली जाते. मालवणी आजीजवळ वाढलेल्या तिला ती ऐकायचीच आहे. त्यापायी तिथला राजवाडा हुकला तरी चालेल.