उघडी वेस आणि बंद वेस

चिनी ऐतिहासिक नाटकांमध्यें 'रितें शहर' या नांवाचा एक जुना व लोकप्रिय खेळ आहे. पेकिंगच्या संगीत नाटकांच्या परंपरेंत तो आजही मोठ्या आवडीनें पाहिला जातो. गेल्या नाताळच्या सुटींत त्याचा चित्रपट पाहण्याचा योग आम्हांस आला. चिनी भाषेचें आमचें ज्ञान शून्य. पडद्याच्या तळाशीं उमटणाऱ्या इंग्रजी ओळींच्या आधारानें आम्ही कसाबसा मार्ग काढीत होतों. सोबत आमचा बारा वर्षांचा पुतण्या होता. शहराचा तट रंगभूमीवर आला तेव्हां तो मोठ्यानें हंसला. कारण तो तट म्हणजे विटा रंगविलेलें एक कापड होतें, आणि तें बांबूंच्या आधारानें उभें धरलेलें होतें. "काका, हा तट तर एका फुंकरीनें पडेल!" असें तो म्हणाला. त्या शहराची स्थिति खरोखर तशीच होती, हें त्यास अजून कळावयाचें होतें.

कथाभाग इसवी सन 228 मधील आहे. त्या काळीं चीन देश तीन राज्यांत विभागला गेला होता. नैर्ऋत्येकडील शू राज्याचा प्रधान चू-गे ल्यांग हा उत्तरेच्या वेई राज्यावर स्वारी करून गेला, आणि ज्ये-थिंग नांवाचें मोक्याचें ठिकाण राखण्याचें काम त्यानें मा सू या आपल्या आवडत्या सरदाराकडे सोंपविलें. मा सू मोठा बुद्धिमान व वादपटु. परंतु सांगितलेली जागा सोडून त्यानें डोंगरावर तळ दिला. शत्रूनें खालून पाणी तोडलें, सैन्य तहानेनें हैराण झालें आणि ठिकाण हातचें गेलें. येथपर्यंतचा भाग इतिहासास धरून आहे.

यापुढें नाटककाराचें राज्य सुरू होतें. 'तीन राज्यांची कथा' या सुप्रसिद्ध कादंबरीवरून हा खेळ रचलेला आहे. तींत असें सांगितलें आहे कीं, चू-गे ल्यांग एका लहानशा शहरांत केवळ 2,500 शिपायांनिशीं सांपडला असतां वेईचा सेनापति स-मा यी 150,000 फौज घेऊन त्याजवर चालून आला. लढावें तर माणसें नाहींत. पळावें तर गांठला जाणार. तेव्हां त्यानें सर्व निशाणें लपविलीं, चारही वेशी सताड उघडल्या आणि म्हाताऱ्या शिपायांच्या हातीं केरसुण्या देऊन त्यांस रस्ते झाडावयास बसविलें. आपण स्वतः तटावर चढला, दोन मुलांस बाजूस उभें केलें, धूप लाविला आणि सात तारांचें वाद्य पुढें घेऊन शांतपणें वाजवीत बसला. नाटकांत तर तो गातां गातां शत्रूस आंत येण्याचें आमंत्रणच देतो. तुझ्या सैन्यासाठीं मांस व मद्य सिद्ध आहे, असें त्यास सांगतो.

स-मा यीचा चेहरा या खेळांत पांढरा रंगविलेला असतो. चिनी रंगभूमीवर पांढरा रंग कपटी माणसास देतात. असा हा कपटांत मुरलेला पुरुष तटाखालीं घोडा थांबवून कान देतो. (घोडा म्हणजे हातांतील एक गोंडेदार चाबूक, घोड्याचें काम तेवढ्यावरच भागतें.) त्याचा मुलगा म्हणतो कीं, आंत कोणी नसेलच. बाप त्यास गप्प करतो. या माणसानें जन्मांत कधीं धाडस केलेलें नाहीं. वेस उघडी आहे त्याअर्थीं आंत दबा धरलेला असलाच पाहिजे, असा त्याचा तर्क. आणि एवढी मोठी सेना पाठ फिरविते.

येथें पाहणारे टाळ्या पिटतात, परंतु आमच्या मतें कौतुक करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ही युक्ति कोणा साहसी सरदारानें केली असती तर ती साधलीच नसती. जो मनुष्य आयुष्यभर प्रत्येक पाऊल तपासून टाकीत आला, त्यालाच एक दिवस असें न तपासलेलें पाऊल टाकतां आलें, आणि तेंही फक्त एकदांच. शत्रु गेल्यावर नाटकांतील चू-गे ल्यांग कपाळाचा घाम पुसतो. त्या एका हालचालीसाठीं नट किती वर्षें खपत असतील, कोण जाणे!

आमचें लक्ष मात्र राहून राहून त्या केरसुणीवाल्या म्हाताऱ्यांकडे जात होतें. ते भितात, आपसांत कुजबुजतात, प्रधानाची मति फिरली कीं काय अशी शंका काढतात. ते विनोदी पात्र म्हणून घातलेले आहेत. पण प्रधानास आपला बेत तरी ठाऊक होता. यांस कांहींच ठाऊक नव्हतें. शत्रु वेशीवर उभा असतां ठाऊक नसलेल्या बेतासाठीं खालीं मान घालून रस्ता झाडीत राहणें, हें तटावर बसून वाजविण्यापेक्षां सोपें होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

खेळ संपल्यावर पुतण्यानें विचारलें, "काका, हें खरेंच घडलें का?" आतां शिक्षकाच्या पोटीं हा एक रोग असतो कीं, खरें काय तें सांगितल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. आम्हीं सांगितलें कीं, नाहीं, घडलें नाहीं. त्या वर्षीं स-मा यी त्या प्रांतांत नव्हताच. तो दूर दक्षिणेकडील सरहद्दीवर नेमलेला होता. पै सुंग-च नांवाच्या टीकाकारानें 429 सालीं पुऱ्या केलेल्या आपल्या टीकेंत ही कथा खोडून काढली आहे. जवळ इतकी मोठी सेना आणि मनांत दब्याची शंका, तर मनुष्य वेढा घालून सावधपणें बसेल, पळून कां जाईल, असा त्याचा रोकडा सवाल आहे. पुतण्याचें तोंड उतरलें. त्याच्या हातांतून आपण कांहीं काढून घेतलें, असें आम्हांस वाटलें; आणि त्या जागीं दुसरें कांहीं ठेवावें म्हणून आम्हीं त्यास चेन-त्सांगच्या वेढ्याची हकीकत सांगितली.

ती त्याच वर्षाच्या अखेरीची, हिवाळ्यांतील, आणि ती खरी आहे. या वेळीं वेढा घालणारा स्वतः चू-गे ल्यांग होता. चेन-त्सांगचा कोट वेई राज्याचा. किल्लेदार हाओ चाओ. शत्रु पुढच्या खेपेस याच वाटेनें येईल असें वेईच्या सेनापतीनें आधींच ओळखून त्याजकडून तटाची डागडुजी करून घेतली होती. आंत शिबंदी हजाराहून थोडी अधिक. बाहेर सेना कित्येक दशसहस्र. चू-गे ल्यांगनें प्रथम हाओ चाओच्याच गांवच्या एका मनुष्यास वकील करून धाडलें. तो तटाखालून दोनदां बोलला. किल्लेदारानें वरून उत्तर दिलें कीं, मी तुला ओळखतों, पण माझा बाण तुला ओळखणार नाहीं.

मग सुलतानढवा सुरू झाला. उंच शिड्या तटास लागल्या. हाओ चाओनें जळते बाण सोडून त्या माणसांसकट जाळल्या. वेस फोडण्याचे गाडे आले. त्यानें जात्यांचे दगड दोरखंडांस बांधून वरून सोडले व गाड्यांचा चुराडा केला. बाहेरच्यांनीं उंच मनोरे उभारून आंत बाण मारले आणि खंदक मातीनें बुजवून तट चढूं पाहिला. त्यानें आंतल्या बाजूस दुसरी भिंत घातली. त्यांनीं भुयार खणलें. त्यानें आंतून आडवा चर खणून तें तोडलें. वीस दिवसांहून अधिक काळ रात्रंदिवस हें चाललें. अखेर कुमक जवळ आली, बाहेरच्यांची रसद संपली, आणि ज्यानें म्हणे वाद्य वाजवून 150,000 फौज परतविली, तो चू-गे ल्यांग हजारभर माणसांपुढून माघारीं गेला.

"म्हणजे चू-गे ल्यांग हरला?" पुतण्यानें विचारलें. त्यास हें मुळींच आवडलें नाहीं. पण जात्यांच्या दगडांची गोष्ट मात्र त्यानें आम्हांकडून दोनदां सांगवून घेतली.

आम्हांस या दोन शहरांपैकीं एकास नापसंत करितां येत नाहीं. खोट्या शहरांतील ते झाडणारे म्हातारे आमच्या मनांतून जात नाहींत. तथापि कोणी आम्हांस विचारील कीं, संकटांत कोणता किल्लेदार मिळावा, तर आम्ही जात्याचा दगड बांधणाराच मागूं. त्याच्याजवळ चमत्कार नव्हता. प्रत्येक सकाळीं शत्रूनें जें नवें काढावें, त्याचा त्या दिवसापुरता तोड मात्र होता. असल्या कामाचें नाटक करणें कठीण. तींच तींच कष्टाचीं कामें पाहावयास कोण बसेल?

हाओ चाओची कीर्ति राजधानीपर्यंत गेली. बादशहानें त्यास बोलावून घेतलें, त्याचें कौतुक केलें, आणि मोठ्या कामावर नेमण्याचें मनांत आणलें. इतक्यांत तो आजारी पडला. मृत्युसमयीं त्यानें मुलास जें सांगितलें तें इतिहासांत नोंदलेलें आहे. सेनापतीचें काम करून तें करण्याजोगें नाहीं हें आपणांस कळलें, असें तो म्हणाला. युद्धाचीं यंत्रें करण्यास लांकूड हवें म्हणून आपण अनेकदां लोकांचीं थडगीं उकरून आंतील लांकूड काढलें. मेलेल्यांस थाटाच्या पुरण्याचा कांहीं उपयोग होत नाहीं, हें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून मला नेहमींच्या कपड्यांत पुरावें. वाडवडिलांचीं थडगीं येथून दूर आहेत. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर, जेथें तुला सोयीचें वाटेल तेथें.