पथ्याचें पान

रोगांतहि कुळशील पाहण्याची रीत आहे. कांहीं रोग दारिद्र्याच्या पोटीं जन्मतात, कांहीं समृद्धीच्या. मध्यरात्रीं पायाच्या आंगठ्यांत ठणका उठवून माणसाला अंथरुणावर बसविणारा जो वातरक्त नांवाचा विकार, त्याला जुन्या वैद्यांनीं 'आढ्यरोग', म्हणजे धनवंताचा रोग, असेंहि नांव दिलें आहे. तो आमच्या दारीं आला तेव्हां पत्ता विसरला असावा असेंच आम्हांस वाटलें. कारण लक्ष्मीचें आमच्याकडे येणें दिवाळीच्या पूजेपुरतेंच. परंतु युरिक आम्ल मनुष्याची मिळकत पाहत नाहीं. मूत्रपिंडें तें पुरेसें बाहेर टाकीनाशीं झालीं, कीं त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत जमतात, आणि मग पांघरुणाचा स्पर्शहि सोसवत नाहीं.

आमचें बिऱ्हाड नांदेडास आणि मूळ घर लातुराकडे. त्यामुळें समाचाराला माणसें दोन्हीं गांवचीं आलीं, आणि प्रत्येकाच्या मुखीं एकेक मनाई आली. एकानें तुरीचें वरण सोडावयास सांगितलें, दुसऱ्यानें हरभरा, तिसऱ्यानें पालक, चौथ्यानें टोमॅटो. आठ दिवसांत आमच्या पानावर भात आणि मीठ एवढेंच राहतें कीं काय, अशी वेळ आली. लातूर म्हणजे डाळीच्या गिरण्यांचें आणि तुरीच्या बाजाराचें गांव. तेथल्या माणसाला वरण वर्ज्य करणें म्हणजे कोंकणांतल्या माणसाचा नारळ काढून घेण्यासारखेंच होय. शिवाय घरांत स्वयंपाक दोन होऊं लागले: एक मंडळींचा आणि एक आमचा.

तेव्हां आम्हीं मूळ ग्रंथाकडे वळलों. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील 29 वा अध्याय या रोगासाठींच आहे. त्याच्या कारणांत मांस, मद्य, ऊंस, कुळीथ, उडीद, दिवसाची झोंप व रात्रीचें जागरण हीं आलीं आहेत. परंतु पथ्यांत तूर, हरभरा, मूग, मसूर आणि मटकी यांचें कढण, तेंहि भरपूर तूप घालून, सांगितलें आहे! अलीकडचा पुरावा डाळीच्याच बाजूचा आहे. अमेरिकेंत 47,150 पुरुषांच्या आहाराची 12 वर्षें नोंद ठेवून 2004 मध्यें जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत मांस व मासे अधिक खाणारांस हा रोग अधिक जडलेला दिसला. डाळी, वाटाणे, पालक, फुलकोबी यांनीं तो वाढल्याचें दिसलें नाहीं. आणि दूधदुभतें, विशेषतः कमी स्निग्ध असलेलें, घेणारांस तो कमी झालेला दिसला. एका बाबतींत मात्र जुन्यानव्यांचें जमत नाहीं. चरक दह्याताकाला दोषी धरतो. आम्ही येथें नव्याचे पक्षपाती आहों, आणि या पक्षपातांत मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा हात आहे हें नाकारीत नाहीं.

मग आवरावयाचें तें काय? नांदेड 1948 पर्यंत निझामाच्या राज्यांत होतें, आणि त्या राज्याची जी खाद्यस्मृति मागें उरली तींत नहारी आणि पाया यांचा मान मोठा. परंतु मांसांतील ज्या द्रव्यापासून युरिक आम्ल होतें, तें शिजतांना पाण्यांत उतरतें. म्हणजे भुरक्याला जो रस्सा सर्वांत चविष्ट, तोच आम्हांला सर्वांत महाग. काळीज आणि गुर्दे यांत तर हें द्रव्य फारच. म्हणून मांस क्वचित्, चारच फोडी, उकडलेलें पाणी टाकून व मसाल्यांत परतून. मद्यांत बिअर विशेष वाईट. साखरेचा अर्धा भाग फळसाखरेचा, आणि तिनेंहि हें आम्ल वाढतें. त्यामुळें बाटलींतलीं गोड पेयें व उंसाच्या रसाचे पेले यांना आम्हीं दुरून नमस्कार केला आहे. निर्जळी उपासहि सोडला, कारण उपाशी आणि कोरड्या अंगांत आम्ल चढतें. यावर देव रागावल्याचें अद्याप दिसलेलें नाहीं.

कोरड्या अंगाची गोष्ट आमच्या मुलुखांत साधी नव्हे. 2016 च्या उन्हाळ्यांत लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. जेथें घागर मोजून वापरली जाते, तेथें 'भरपूर पाणी प्या' हें सांगणें सोपें, पाळणें अवघड. टंचाईच्या दिवसांत तहान मारण्याची संवय लागते आणि ती पुढें सुकाळांतहि जात नाहीं. म्हणून घरांतली पहिली घागर पिण्याची, हा आमच्याकडे आतां नियमच आहे. ज्यांचें हृदय किंवा मूत्रपिंड दुबळें आहे त्यांनीं मात्र पाण्याचें माप डॉक्टरांकडून घ्यावें.

एवढें उमगल्यावर सौभाग्यवतींनीं दुसरा स्वयंपाक बंद केला. आतां तुरीचें वरण सर्वांना एकच. ज्वारीची भाकरी, ताकांत शिजवून वर लसणाची फोडणी दिलेला चाकवत, दुधी किंवा दोडका, जवसाची चटणी. कधीं धपाटे आणि ताक. नातवंडें या जेवणाला पथ्य म्हणत नाहींत, आणि हीच त्याची खरी परीक्षा. अन्नानेंच रोग जातो असा मात्र आमचा दावा नाहीं. पथ्यानें आम्ल थोडेंच उतरतें. मोठें काम औषधाचें. आम्ही रोज जी ॲलोप्युरिनॉलची गोळी घेतों, ती ज्यांच्या संशोधनांतून निघाली त्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 मध्यें नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तिची जागा भाकरी घेऊं शकत नाहीं.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातुराकडे येळवस असते. शेतांत कडब्याची खोप, पांडवांची पूजा, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबील, आणि नाना भाज्या व ओले दाणे घालून केलेली भज्जी. हितचिंतकांच्या याद्या मानल्या तर त्या दिवशीं आम्हांला केवळ खोपेची सावली तेवढी भोगतां येईल. आम्ही भज्जी पोटभर खातों, खिरीचा एकच घांस घेतों आणि आंबिलीचा गडू दोनदां भरून घेतों. पंक्तींत एकट्याचें पान वेगळें मांडलें, कीं दुखणें आंगठ्यांतून मनांत शिरतें. ज्यांच्या घरीं हा रोग वस्तीला आला आहे त्यांना आमचें सांगणें इतकेंच: डॉक्टरांना विचारून पानावरचे जिन्नस खुशाल कमी करा, पण पान पंक्तींतच मांडा.