व्हिएन्ना ते व्हेनिस, व्हाया फिलाख

युरोप बघून आलेल्या मंडळींकडे फोटो बघायला बसलं की आयफेल टॉवर दिसतो, स्वित्झर्लंडचा बर्फ दिसतो. पण एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा दिवस कुणाच्याच अल्बममध्ये नसतो. त्या दिवशी बॅगा ओढायच्या असतात, फलक वाचायचे असतात आणि नवरा-बायकोने एकमेकांवर चिडायचं असतं. आमच्याकडे अशा दिवसाचा एकच फोटो आहे. ऑस्ट्रियातल्या फिलाख नावाच्या स्टेशनात एका बाकावर हे बसलेत आणि मांडीवर निळी फाइल आहे. त्या शुक्रवारची गोष्ट आज सांगते.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त व्हिएन्नात आहेत. त्यांच्याकडे दोन महिने राहून आम्ही इंदूरला परत निघालो होतो. परतीचं विमान मुद्दाम व्हेनिसहून घेतलं होतं, शनिवारी दुपारचं. म्हणजे व्हेनिसला मिळणार होती शुक्रवारची दुपार, संध्याकाळ आणि रात्र. हट्ट माझाच होता. तुकोगंजच्या आमच्या माहेरच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक जुनं कॅलेंडर लटकत असे. त्यावर व्हेनिसचा कालवा आणि एक काळी होडी होती. पोळ्या लाटता लाटता मी ते चित्र इतक्या वेळा बघितलं होतं की एवढ्या जवळ येऊन ते न बघता जाणं मला जमणार नव्हतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, तिकीट मी काढतो." हे म्हणाले, "छत्तीस वर्षं वीज मंडळात काढली रे, मला एक तिकीट काढता येत नाही का?" आणि जूनमध्येच ह्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या ईमेलवर सप्टेंबरचं तिकीट काढलं. निळी फाइल तयार झाली. गाडी सकाळी साडेसहाला, डबा अमुक, सीट तमुक, कुठलं स्टेशन किती वाजता. पावणेआठ तासांत थेट व्हेनिस, मध्ये कुठेही उतरायचं नाही.

सकाळची सुरुवात तर फारच छान झाली. तास-सव्वा तासात गाडी सेमरिंगच्या घाटाला लागली आणि ह्यांना कंठ फुटला. हा एक्केचाळीस किलोमीटरचा घाट १८४८ ते १८५४ या काळात बांधला. खाली ओढे-दऱ्या, वर दगडी कमानींचे पूल, असे मोठे पूल सोळा. काम सुरू झालं तेव्हा एवढा चढ ओढेल असं इंजिनच तयार नव्हतं. रूळ आधी टाकायला घेतले आणि इंजिनांची स्पर्धा १८५१ मध्ये घेतली! १९९८ पासून हा मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आणि ह्यांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे तो बांधणारा इंजिनिअर कार्ल गेगा हा जन्माने व्हेनिसचा. "म्हणजे बघ," हे म्हणाले, "व्हेनिसच्या माणसाच्या रस्त्यानेच आपण व्हेनिसला चाललोय."

मला मात्र आपलं पाताळपाणी आठवत होतं. महूच्या पुढे कालाकुंडपर्यंतचा तो घाट, तो धबधबा, कालाकुंडच्या स्टेशनावर पळसाच्या पानावरचा कलाकंद. खंडाळ्याच्या घाटातून गाडी १८६३ मध्ये गेली आणि आपली खंडवा-इंदूर लाइन त्याच्याही नंतरची, तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटीच्या कर्जावर बांधलेली. घाटातली गाडी म्हटली की माणसाला आपलाच घाट आठवतो. डब्यातून दशम्या काढल्या, लसूण सेव काढली. क्लागनफुर्टच्या पुढे तळ्याच्या काठाकाठाने गाडी धावत होती तेव्हा मी म्हटलंसुद्धा, "अहो, प्रवास असा असावा."

पावणेअकराच्या सुमारास फिलाख आलं. स्पीकरवर जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं, मग इटालियनमध्ये, मग इतक्या घाईच्या इंग्रजीत की आम्हाला फक्त "थँक यू" कळलं. सगळा डबा उठला. हे म्हणाले, "बस गं, आपल्याला अजून तीन तास आहेत." बसलो. डबा रिकामा झाला. शेवटी कचऱ्याची पिशवी घेऊन सफाईवाली बाई आली आणि तिने हातानेच सांगितलं, उतरा.

इटलीत रेल्वेचा चोवीस तासांचा संप होता. गाडी पुढे जाणार नव्हती.

तिकीट खिडकीसमोर ही रांग! चाळीस मिनिटांनी आमचा नंबर आला. खिडकीतली मुलगी गोड बोलत होती, पण गोड बोलून काय करायचं? व्हेनिसच्या बसमध्ये जागा नाही. तीनच्या बसमध्ये दोन जागा आहेत, पण उदिनेपर्यंतच. "आणि उदिनेच्या पुढे?" तिने खांदे उडवले. उदिने इटलीत, म्हणजे तिच्या हद्दीबाहेर.

मग स्वच्छतागृह शोधलं, तर दाराशी पन्नास सेंटचं नाणं टाकल्याशिवाय आत जाता येईना. आमच्याकडे वीस युरोची नोट. सुट्ट्यासाठी पाण्याची बाटली घेतली, तर ते निघालं सोड्यासारखं फसफसणारं पाणी. दोन मोठ्या बॅगा, एक छोटी, एक माझी पर्स, आणि लिफ्ट फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. माझं तोंड सुरू झालं. ह्यांच्या रेल्वेला नावं ठेवली, युरोपला ठेवली, चार महिने बाळगलेल्या फाइलीलाही ठेवली. "उद्याचं विमान चुकलं तर दोन तिकिटांचे पैसे कोण देणार? आणि माझं व्हेनिस?" हे एका शब्दाने बोलले नाहीत. बाकावर बसून मोबाइल बघत राहिले.

इथे तुम्हाला आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. रतलामला गाडी थांबून राहिली की हे पंधरा मिनिटांच्या आत थेट स्टेशन मास्तरच्या खोलीत जाणार आणि खबर व दोन कप चहा घेऊन परत येणार. अख्ख्या डब्याला ह्यांच्याकडून बातमी कळते. तो माणूस इथे कुणाला काही न विचारता मांडीवर फाइल घेऊन नुसता बसला होता. रोज समोर असलेल्या माणसाचं वय आपल्याला दिसत नाही. मला ते त्या बाकावर दिसलं. फोटो मी चिडून काढला होता, मुलाला दाखवायला. मग पाठवला नाही.

म्हटलं, आता आपणच उठावं. माझं इंग्रजी ह्यांच्यापेक्षा कच्चं आहे, पण मला लाज कमी वाटते. बसथांब्यापाशी एक सावळा, तरुण मुलगा फोनवर बंगालीत बोलताना दिसला. फोन ठेवेपर्यंत थांबले आणि सरळ आपल्या इंदुरी हिंदीत सुरू झाले, "बेटा, हिंदी आती है क्या?" त्याचा चेहरा खुलला. मुलगा बांगलादेशचा. इटलीत मोनफाल्कोने म्हणून गाव आहे, तिथे मोठमोठी जहाजं बांधतात, तिथे कामाला होता. त्या गावात त्याच्या देशाचे खूप लोक आहेत म्हणे. हिंदी सिनेमे बघून शिकलेला. तोही आमच्यासारखाच अडकला होता, पण अगदी निवांत.

"आंटी, टेंशन मत लो. आज शोपेरो है, मगर छह बजे के बाद गाडी मिलेगी."

शोपेरो म्हणजे संप. त्याने सांगितलं तेव्हा कळलं की इटलीत संपाचेही नियम असतात. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरलेल्या लोकल गाड्या चालवाव्याच लागतात, कारण नोकरदारांनी घरी जायचं कसं? म्हणजे तीनच्या बसने पाचपर्यंत उदिने गाठायचं आणि सहानंतरची व्हेनिसची गाडी धरायची. इतकं सोपं होतं. मी खबर घेऊन ह्यांच्याकडे आले, येताना दोन कॉफीही आणल्या. हे किंचित हसले. म्हणाले, "स्टेशन मास्तर भेटला वाटतं."

त्या मुलाला दशमी दिली, वर सेव दिली. "झाल, झाल," म्हणजे तिखट, तिखट असं म्हणत त्याने डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला.

मग दोन तास स्टेशनापासून दहा मिनिटांवर, द्राउ नदीच्या काठी बसलो. हिरवं पाणी, मागे डोंगर. दुसऱ्या एखाद्या दिवशी आम्ही त्या जागेचं कौतुक करत राहिलो असतो. त्या दिवशी मी घड्याळ बघत होते आणि हे पाण्याकडे.

बस तीनला म्हणजे तीनला निघाली. सीमा केव्हा ओलांडली कळलंही नाही, फक्त फलकांची भाषा बदलली. डोंगरातून उतरल्यावर तालियामेंतो नदीचं पात्र दिसलं. अर्धा-एक किलोमीटर नुसते पांढरे गोटे आणि मधून पाण्याच्या दोन-चार बारीक धारा. उदिनेला त्या मुलानेच मशीनमधून तिकिटं काढून दिली आणि बजावलं, "आंटी, पहले पंच करना." इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असून दंड. मग तो त्याच्या गाडीकडे गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सहा वाजून गेल्यावर गाडी खरंच आली. दिवसभराची सगळी गर्दी त्यात होती. बॅगांवर हात ठेवून अर्धा तास उभे राहिलो, मग समोरासमोर जागा मिळाल्या. बाहेर अंधारायला लागलं होतं. हे एकदम म्हणाले,

"मेल आली होती."

"कुठली मेल?"

"मंगळवारीच आली होती. संपाची. जर्मनमध्ये होती. मी जाहिरात समजून उघडलीच नाही."

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"फिलाखला. बाकावर."

म्हणजे दिवसभर मी रेल्वेला शिव्या घालत होते आणि हे मुकाट ऐकत होते. मंगळवारी कळलं असतं तर आदल्या दिवशीच निघता आलं असतं, दोन दिवस व्हेनिस मिळालं असतं. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं. तेवढ्यात हे म्हणाले, "त्याला सांगू नकोस. पुढच्या वेळी तो मला तिकीट काढू देणार नाही."

तोंडातलं तोंडातच राहिलं. ह्यांना विमानाची नव्हती, त्याची काळजी होती. मुलं चांगली असतात, काळजीपोटीच हातातलं काम काढून घेतात. आधी तिकीट, मग बँकेचं काम, मग गाडीची किल्ली. मी विचारलं, "सेव उरलीय थोडी, खाता का?" हे म्हणाले, "दे."

व्हेनिसला जायला समुद्रावरून साडेतीन किलोमीटरहून लांब रेल्वेपूल आहे, १८४६ सालचा. दोन्ही बाजूंना काळं पाणी, लांब दिवे. आठ वाजून गेल्यावर स्टेशनाच्या बाहेर आलो तर पायऱ्यांखाली रस्ता नाहीच, थेट कालवा! समोर हिरवट घुमटाचं देऊळ, पाण्यात त्याचं हलतं प्रतिबिंब. हॉटेल पुलापलीकडे. तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा एकेक पायरी चढवत दोघांनी मिळून नेल्या. मग दोन तास नुसते फिरलो. पहाटे सहाला पुन्हा बाहेर पडलो. रिआल्तोचा पूल रिकामा होता आणि खाली एका खांबाला काळी होडी बांधलेली होती. ह्यांनी माझा फोटो काढला. दुपारचं विमान व्यवस्थित मिळालं.

तुम्ही जाणार असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. इटलीत १९९० च्या कायद्याने अशा संपाची सूचना किमान दहा दिवस आधी द्यावी लागते, आणि त्यांच्या परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संपांची यादी असते. निघण्याआधी आठवडाभर ती बघा. रविवारी आणि सुटीच्या दिवशी मात्र त्या सहा ते नऊच्या वेळांवर विसंबू नका. गाडी तासाभराहून जास्त उशिरा पोचणार असेल तर युरोपीय संघाच्या नियमाने पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या मार्गाने जायचं, हे प्रवासी ठरवू शकतो. पन्नास सेंटची नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. आणि परक्या भाषेतली मेल जाहिरात वाटली तरी मोबाइलवर भाषांतर करून वाचा.

हा लेख पाठवण्याआधी ह्यांना वाचून दाखवला. मेलचं लिहू का, म्हणून विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लिही. पण गाडी साडेसहाची नव्हती, सहा पंचवीसची होती." आणि कपाटातून निळी फाइल काढून दाखवली.