बारामतीची वाट आणि शिंद्यांच्या बाया

भिगवण मागं पडलं की उजनीचं पाणी डाव्या हाताला दिसू लागतं. कडक उन्हाळ्यात ते हटलं की बुडालेल्या जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं. इंदापुरात उतरून बारामतीची एसटी धरली. निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर. दुतर्फा ऊस, मध्येच डाळिंबाची बाग.

या बाजूला ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांचे सरदार फत्तेसिंग माने फौज घेऊन आले. ८ तारखेला बारामतीजवळ त्यांनी पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. पुढं ऐन दिवाळीत हडपसरची लढाई झाली, दुसरा बाजीराव पुण्यातून पळाला आणि वर्ष सरता सरता वसईचा तह करून बसला.

यशवंतरावांचा भाऊ विठोजी होळकर याला बाजीरावानं हत्तीच्या पायी दिलं म्हणून हे सगळं पेटलं, असं आपण ऐकत आलोय. ते खरंच आहे. पण मला त्याची मुळं १७९८ च्या शिंद्यांच्या छावणीतही दिसतात. महादजींच्या तीन विधवा लक्ष्मीबाई, यमुनाबाई आणि भागीरथीबाई. दत्तक दौलतरावानं त्यांची नीट तजवीज केली नाही. धाकट्या भागीरथीबाईशी त्याचे संबंध आहेत, असा थोरल्या दोघींनी जाहीर बोभाटा केला. तेव्हा दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे त्यांच्या डेऱ्यात घुसला आणि त्यानं त्यांना चाबकानं फोडून काढलं. मग बऱ्हाणपूरला सुखानं राहा म्हणून रवानगी केली, प्रत्यक्षात नेत होते नगरच्या किल्ल्यात कैदेसाठी! भीमेकाठी कोरेगावजवळ मुजफ्फरखान या पठाण सरदारानं त्यांना सोडवलं. लखबादादा लाडांसारखे जुने सरदार त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि घरचं भांडण थेट दतियाजवळच्या सेवढ्यापर्यंत लढलं गेलं. दौलतराव दक्षिणेत असा अडकल्यावर माळव्यात यशवंतरावाला रान मोकळंच होतं.

बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा पाहिला. त्यांच्या आश्रयानं कवी मोरोपंत याच गावी राहिले. महादजी गेले त्याच १७९४ साली पंतही गेले. भरसभेतली द्रौपदी त्यांनी आर्यांत मांडली होती. चारच वर्षांनी पुण्यात ते डेऱ्यात घडलं आणि इथं धावून यायला कृष्ण नव्हता, एक पठाण सरदार होता.

सर्जेराव १८०९ मध्ये शिंद्यांच्याच छावणीत मारला गेला. त्याची लेक बायजाबाई पुढं ग्वाल्हेरचा कारभार बघू लागली, आणि १८३३ मध्ये दत्तक मुलानं तिलाही घराबाहेर काढलं.