डॉनर खिंड आणि मागची चार चाकं

अमेरिकेत लोक आख्खं बिऱ्हाड मोटारीच्या मागे जोडून हिंडतात, हे ऐकून होतो. दोन खाटा, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं चार चाकांवर, आणि पुढे ओढायला पिकअप. पण हेच बिऱ्हाड भर फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, डोंगरापलीकडे नेणारी माणसं असतात आणि त्यातली दोन आपल्याच नात्यातली निघतात, ही बातमी मला नवी होती. माझी भाची कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. ती आणि जावई, दोघंही कॉम्प्युटरवाले. "मामा, उन्हाळ्यात कोणीही जातं हो," ती म्हणाली. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, हाच सूर. त्यापुढे बोलायची सोय नसते.

वाट साधी आहे. सॅक्रामेंटो शहर जवळजवळ समुद्रसपाटीला. तिथून इंटरस्टेट 80 हा हमरस्ता सिएरा नेवाडा चढत जातो आणि डॉनर खिंडीच्या माथ्यावर 7,239 फुटांवर पोचतो. आपलं कळसूबाई 5,400 फूट. म्हणजे कळसूबाईच्याही वर आणखी 1,800 फूट, आणि तिथून रात्रंदिवस मालमोटारी चाललेल्या. माथ्याजवळ सोडा स्प्रिंग्जला बर्कले विद्यापीठाची बर्फ मोजायची प्रयोगशाळा आहे. 2022-23 च्या हिवाळ्यात तिथे 754 इंच बर्फ मोजला गेला. एकोणीस मीटर! थोडक्यात, सहा मजली इमारत बुडेल इतका, एका मोसमात. खिंडीचं नाव ज्या डॉनर मंडळींवरून पडलं ती 1846 साली बैलगाड्या घेऊन इथे आली आणि बर्फात अडकली. सत्त्याऐंशी जणांतली निम्म्याहून थोडीच जास्त वाचली. 1952 च्या जानेवारीत युबा गॅपजवळ सव्वादोनशे माणसांची आख्खी आगगाडी तीन दिवस बर्फात रुतून बसली होती. हे सगळं भाचीने मला निघायच्या आदल्या रात्री, पोळ्या लाटता लाटता, सहज सांगितलं.

जावयाचं ध्यान मात्र इतिहासात नव्हतं, टायरांत होतं. आपल्याकडे टायर गोटा झाला की बदलायचा, हवा पंपावर भरायची, एवढंच टायरशास्त्र. इथे हा गृहस्थ बॅटरी घेऊन ट्रेलरच्या चाकाशी उकिडवा बसलेला आणि टायरच्या कडेवरचा मजकूर शिलालेखासारखा वाचतोय. मीही शेजारी बसलो. 'एसटी 225/75 आर 15'. एसटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लाल गाडी उभी राहिली, पण इथे एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठीचा टायर. पुढे भाराची श्रेणी 'ई', म्हणजे 80 पीएसआय हवा भरली तर एकेक टायर 2,830 पौंड पेलणार. शेवटी चार आकडे: पहिले दोन वर्षातल्या आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, वयाने मरतो. वर्षातले दहा महिने तो उन्हात उभा असतो; नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतून रबराला चिरा गेलेल्या असतात. म्हणून ते चार आकडे आधी बघायचे, नक्षी नंतर.

खरी मेख पुढे आहे. हा एसटी टायर ओझं पेलावं, कडा दबू नयेत, उन्हाळ्याच्या लांब पल्ल्यात तापून फुटू नये, यासाठी घडवलेला. त्याचं रबर कडक. हिवाळी टायरचं रबर उलट्या स्वभावाचं असतं: पारा 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेला तरी ते मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर पात्याने मारल्यासारखे शेकडो बारीक काप असतात. ते काप उघडून बर्फाला धरतात. अशा टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. 1999 पासून ते चालू आहे. नुसतं 'एम+एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, असंही लिहिलेलं असतं, पण ती अक्षरं नक्षीच्या घडणीवरून मिळतात, परीक्षा द्यावी लागत नाही. हिमकणाला परीक्षा आहे: दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरपेक्षा निदान दहा टक्के जास्त पकड दाखवायची.

पिकअपला हिमकणवाले टायर होतेच. तरी ऑबर्नला चढ लागायच्या आधी जावयाने एका टायरवाल्याकडे गाडी घेतली. दाढीवाला म्हातारा बाहेर आला आणि त्याने खिशातून एक सेंटचं नाणं काढलं. जुन्या पेनीच्या मागच्या बाजूला वॉशिंग्टनमधलं लिंकनचं स्मारक आहे. नाणं नक्षीच्या खाचेत उभं रोवायचं. स्मारकाचं छप्पर खाचेत बुडालं तर खोली सहा बत्तिसांश इंचाहून जास्त, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बर्फाच्या टायरला तेवढीच लागते. छप्पर बुडालं. म्हाताऱ्याने नाणं खिशात टाकलं, पैसे घेतले नाहीत, आणि ट्रेलरकडे मान वळवून एवढंच विचारलं, "साखळ्या किती?"

आता मला राहवेना म्हणून विचारलं, "जावईबापू, ज्या चाकांना इंजिनच नाही त्यांना साखळ्या कशाला? ती तर नुसती मागून येणार."

"मामा, वर जाताना नुसती येतात," तो म्हणाला. "खाली उतरताना ती पुढे यायला बघतात."

हे मात्र मला एका क्षणात कळलं. घाट उतरणारी भरली बैलगाडी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको: चढणीला बैल गाडी ओढतात, उतारावर गाडीच बैलांच्या मानेवर येते. इथे साडेसहा हजार पौंड पिकअपच्या पाठीवर येतात. पिकअपने चांगली पकड घेऊन वेग कमी केला आणि मागच्याला पकडच नाही, तर मागचं धूड थांबत नाही. बाजूला फिरतं आणि पिकअपला कोपऱ्यात दाबतं. म्हणजे पुढे उत्तम हिवाळी टायर घालून मागे कडक टायर ठेवणारा माणूस आपण सुरक्षित झालो असं समजून धोका वाढवून बसतो. शिवाय ज्या परीक्षेवर हिमकण मिळतो ती परीक्षा मुळात वेग घेताना चाक किती पकड धरतं याची. ट्रेलरचं चाक तर आयुष्यात कधी वेग घेत नाही. ते फक्त फिरतं आणि थांबतं. मला वाटतं, डोंगराच्या चित्राला भुलून ट्रेलरचे टायर घेणाऱ्या कोणालाही हे दुकानात कोणी सांगत नसेल.

ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे विजेचे ब्रेक असतात आणि त्यांचा जोर चालकाच्या गुडघ्याजवळच्या एका छोट्या डबीवर कमीजास्त करता येतो. कोरड्या रस्त्यावर जोर चढवायचा, बर्फावर उतरवायचा. नाहीतर चाक जागच्या जागी आवळून घसरगुंडी होते. जावई दर थोड्या वेळाने त्या डबीकडे हात नेई. वजनाचाही हिशेब आहे: ट्रेलरच्या एकूण वजनातलं दहा ते पंधरा टक्के जोडाच्या आकड्यावर यायला हवं, म्हणून पाण्याचे कॅन पुढे की मागे, यावरून निघताना नवराबायकोत खडाजंगी झाली होती. भाची बरोबर होती.

किंगवेलच्या अलीकडे दिव्यांची पाटी लागली: आर-2. या राज्यात साखळ्यांच्या तीन पायऱ्या. आर-2 ला चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला चारही बर्फाचे टायर असले की साखळी न चढवता सोडतात. मागे काही ओढत असाल तर ती सवलत विसरायची: ओढणाऱ्या गाडीच्या एका धुरीला साखळ्या, आणि ब्रेकवाल्या ट्रेलरच्या निदान एका धुरीला. आर-3 ला कोणालाच सूट नाही, पण तिथवर येईतो बहुधा रस्ताच बंद करतात.

रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागली होती आणि रांगेतून आकडे लिहिलेल्या बंड्या घातलेली माणसं फिरत होती. हे साखळ्या चढवणारे. त्यांना सरकारी परवाना असतो. साखळ्या चढवायची मजुरी घ्यायची, पण साखळ्या विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या नाहीत. आपल्या घाटात असा धंदा असता तर पहिल्याच मोसमात साखळ्यांचा भाव चौपट झाला असता. आमच्याकडे आलेली बाई पन्नाशीची. तिने गुडघ्याखाली रबरी चटई टाकली, चिखलबर्फात आडवी झाली, साखळी चाकामागून ओढून घेतली, आतला आकडा न बघता, नुसत्या बोटांनी लावला. पिकअपची दोन चाकं झाली. ट्रेलरपाशी आल्यावर मात्र तिने पुढच्या आणि मागच्या चाकामधल्या फटीत पंजा घालून पाहिला, मग चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधे, आणि मान हलवली. जाड कड्यांची साखळी तिथे फिरणार नाही, पत्रा फाडील. जावयाकडे सुदैवाने बारीक तारेच्या साखळ्या होत्या. त्या बसल्या. तिथून ताशी तीस मैलांपेक्षा जास्त नाही, आणि दर फेऱ्याला खडखड खडखड.

खिंडीपलीकडच्या ट्रकी गावाला पोचल्यावर आधी हवा तपासली. थंडीत दर दहा अंश फॅरनहाइटला दोनेक टक्के हवा उतरते. उंचीवर बाहेरचा दाब कमी म्हणून मापकाचा काटा किंचित चढतो. थंडी जिंकली होती. जावई पंप लावून बसला आणि बसल्या बसल्या पुढच्या वर्षीचे बेत सुरू: ट्रेलरला एसटी काढून हलक्या ट्रकचे, हिमकणवाले टायर घालावेत. पण हा भार पेलणारे तसे टायर सोळा इंची रिमला सहज मिळतात, पंधराला शोधत बसावं लागतं. सोळाचं रिम घातलं की टायरचा घेर वाढणार. मग तो टेप घेऊन बर्फात पालथा झाला आणि चाक ते पत्रा अंतर मोजलं. दीड इंच.

"म्हणजे मोठा टायर घातला तर साखळीला जागा नाही, आणि साखळी नसली तर आर-2 ला सोडत नाहीत," तो उठून पँट झटकत म्हणाला.

"मग?"

"एसटीच. पण ताज्या तारखेचे घेईन."

भाचीने दार उघडून विचारलं, की आत गॅस चालू करायला कोणी येणार आहे, की टायरच शिजवायचेत.